ब्रेकवरचा पाय

"तेवीस!" मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी कागद टेबलावर आपटला. "एका महिन्यात तेवीस वेळा कचकन ब्रेक. बाकीच्या चार गाड्यांचे मिळून सहा. प्रभावतीबाई, आपल्या गाडीत लेकरं असतात, पोती नसतात."

प्रभावती उभीच होती. बदनापूरजवळच्या त्या शाळेची पिवळी बस ती दोन वर्षांपासून चालवत होती आणि बसला अजून साधा ओरखडा नव्हता. पण महिन्यापूर्वी शाळेने सगळ्या गाड्यांत कुठल्याशा कंपनीची, वेग आणि ब्रेक टिपून ठेवणारी काळी डबी बसवली. तेव्हापासून ती डबी सरांचे कान भरत होती. बाईमाणसाच्या हाती एवढी मोठी गाडी कशाला, असं म्हणणाऱ्यांना आता छापील आधार मिळाला होता.

"सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर येईल," सर म्हणाले.

नोकरी जायची ती जाईलच, पण गाडी चालवता येत नाही असं नाव पडून जाईल, हे तिला जास्त झोंबलं.

"सर, ब्रेक कुठं कुठं मारले, ते दिसतं का ह्याच्यात?"

"कंप्युटरवर दिसतं. पण ड्रायव्हरला दाखवायचं नसतं. डबी कंपनीची, माहिती कंपनीची."

"आन् गाडी?"

"संस्थेची."

"मंग पाय कुणाचा?"

सर गोंधळले.

"ब्रेकवर पाय माझा पडला ना सर? त्या पायाचं काय लिव्हलंय, ते मलाच न दाखवता मला काढून राह्यले तुम्ही."

सर मनाने वाईट नव्हते. छापून आलेल्या आकड्यावर त्यांचा जरा जास्तच विश्वास होता, एवढंच. ते खाकरले, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि कंप्युटर तिच्याकडे वळवला. नकाशा उघडला. चार लाल ठिपके इकडेतिकडे होते. उरलेले एकोणीस एकाच जागी, एकावर एक बसले होते. सरांनीही हे आत्ताच पाहिलं.

"इथं काय आहे?"

"आमची वस्ती. समतानगर. सडकेच्या ह्या अंगाला घरं, त्या अंगाला अंगणवाडी, आन् मधी वळण. वळणावर मका उभी हाय माणसापेक्षा उंच. दहाला खिचडी शिजती, त्याच टायमाला माझी गाडी येती. तीन-तीन वर्षांची लेकरं ती, डावं-उजवं पाहत्यात व्हय? वीसच्या वर काटा जाऊ देत न्हाई मी तिथं. तरी मक्यातून एखादं निघतंच चाकापुढं. बाकीच्या गाड्या त्या सडकेनं जात न्हाईत सर. गेल्या असत्या, तर त्यांचेबी ठिपके पडले असते."

आणि पडले नसते तर? हा विचार सरांना पुरता करवेना. त्यांनी बोट लावून ठिपके मोजले. एकोणीसच भरले. मग चष्मा काढून त्यांनी टेबलाखाली, तिच्या झिजलेल्या चपलेतल्या उजव्या पायाकडे पाहिलं. आपण काय करायला निघालो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"सोमवारी गाडी तुम्हीच न्या," ते हळूच म्हणाले.

पण प्रभावती जागची हलली नाही.

"हे छापून द्या मला."

"आता कशाला? मिटलं की सगळं!"

"तुमचं-माझं मिटलं, सर. तिथं सडकेवर ब्रेकर टाका म्हणून आम्ही वस्तीवाल्यांनी बांधकामच्या हापिसात अर्ज दिल्ता. वापस आला."

"का?"

"म्हणे, त्या जागी एकबी अपघात झाल्याची नोंद न्हाई."

कंपनीला विचारावं लागेल, असं सर म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. त्यांनी ते गिळले आणि स्वतःच बटण दाबलं. कोपऱ्यातलं मशीन कुरकुरत जागं झालं. गरम कागदावर त्यांनी शाळेचा शिक्का मारला, खाली सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला.

"पण बाई, तिथले साहेब विचारतील, अपघात तर झालाच नाही, मग हा कसला कागद?"

प्रभावतीने कागदाची नीट घडी घातली.

"सांगते ना त्यांना. का झाला न्हाई, त्याची नोंद हाय ही."