विश्रांतीत काय चालतं?

"होणारा जावई मामाला नाही म्हणतो?" मुलीच्या मामांनी हसत विचारलं, पण आवाजात जरब होती. कराडजवळच्या ढाब्यावर, पोह्यांच्या बशा मध्ये ठेवून मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. सगळ्यांनी सुदामच्या ट्रकमधून मिरवत घरी जावं, आणि ते गल्लीने बघावं, अशी मामांची हौस होती.

"सलग गाडी चालवल्यावरची सक्तीची विश्रांती आहे मामा," सुदाम बशीकडे बघत म्हणाला. "ती संपेपर्यंत ड्रायव्हरने ट्रक इंचभरही हलवायचा नाही."

"अहो, इथं कोण बघतंय?"

"कुणी बघत नसलं तरी नाही."

मुलगी त्याला बघताक्षणी आवडली होती. आता स्थळ हातचं गेलं म्हणून तो मनातून खचला. मामा तर चपला शोधू लागले.

"मामा, बसा तुम्ही," ती मुलगी, केतकी, म्हणाली. "उद्या लग्न झाल्यावर यांची वाट मलाच बघायचीय. नियम पाळणारा माणूस असला, तर मला झोप तरी लागेल." मग ती सुदामकडे वळली. "पुसायला तरी चालतो का ट्रक?"

"नाही. तेही कामच झालं."

"मग विश्रांतीत चालतं तरी काय?"

सुदाम गोंधळला. "खायचं, झोपायचं... गप्पा मारायच्या."

"मग मारा की! आल्यापासून नियमाशिवाय काही बोलला नाहीत."

सुदाम लाजला, हसला आणि बोलत सुटला. विश्रांती कधीच संपली, तरी ट्रक काही जागचा हलला नाही.