सव्वा मूठ

सुपात गहू ओतून झाले तरी तोताराम ओट्यावरून उठेना.

उद्या श्रावणातला रविवार, घरात कानबाई देवी बसायची. तिच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू आज मोजायचा. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, त्याच्या वाट्याची सव्वा मूठ टोपल्यात टाकायची आणि मग सगळं दळायचं. मूठ टाकायची म्हातारीने, भिकुबाईने. नावं पुकारायची तिच्या थोरल्याने, तोतारामने. पुकारायचाही असा, की पांझरा नदीपलीकडच्या माणसाने वळून बघावं. आज मात्र धाकट्या भावाला म्हणाला, "घसा बसना मना. भाईदास, तू बोल."

सुंदरबाईच्या मनात पाल चुकचुकली. घसा बसलेल्या या माणसाने सकाळीच बैलाला शिव्या हासडल्या होत्या, त्या अर्ध्या गावाने ऐकल्या होत्या.

सुंदरबाई या घरची मधली सून. पहाटेपासून तिच्या पायाला भिंगरी होती. शेण काढलं, पाण्याच्या चार खेपा केल्या, घर सारवलं, निंदणीच्या बायांच्या भाकरी बांधून दिल्या, तरी जीव थाऱ्यावर येईना. तिचा पुना ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेलेला. सात महिने झाले, पत्र नाही. आणि काल तोताराम धुळ्याहून कानबाईचं नारळ-खण घेऊन आला, पण पिशवी त्याने स्वतः आत आणली नाही, भाईदासला उतरवायला लावली. तेव्हापासून देव्हाऱ्याकडे फिरकला नव्हता. जेवलाही बाहेरच. कपाळावर गंध नाही. तिच्या नवऱ्याला, सुकदेवला, तांबडं फुटायच्या आत गाडी जुंपून त्याने भाऊबंद आणायला पिटाळलं होतं.

भाईदास नावं घेत होता. तोताराम. सुकदेव. भाईदास. मग तोतारामची पोरं, अभिमन आणि वना. म्हातारीची मूठ पडत होती. आता सुकदेवच्या पोराचं नाव.

"पुना."

"ऱ्हाऊ दे!" ओट्यावरून आवाज आला. घसा चांगला मोकळा होता. "पोऱ्या घर नही. तेना रोट कोन खाई?"

म्हातारीची मूठ हवेतच राहिली. "मांगला साले बी तो घर नव्हता. तूच त बोंबलना व्हता, पयले पुनानी मूठ म्हनीसन! तेना रोट तेनी मायनी खादा."

तोताराम पायातला काटा काढावा तसा खाली वाकून बसला.

बावीस वर्षं सुंदरबाई या घरात नांदत होती. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, कधी तोंड उघडून बोलली नव्हती; काही सांगायचं तर जावेच्या तोंडून, नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं. आज ती उठली, पाण्याचा तांब्या घेतला आणि डोईवरचा पदर तसाच ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"नाना, पुनानी मूठ तुम्हीनच टाका."

"मना हात मळका शेतस."

"हाई पानी."

तिने धार धरली. तोतारामने हात पुढे केले. बोटांमधून पाणी जमिनीवर गळून गेलं, तांब्या रिकामा झाला, हात स्वच्छ झाले. पण तो जागचा हलला नाही. मान वर केली नाही.

सुतकी माणसाने कानबाईच्या दाण्याला शिवायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि सुतक लागतं ते कानावर पडल्यावर. एकाने ऐकलं तर एकाला. घराने ऐकलं तर सगळ्या घराला; मग कानबाई दारातूनच परत.

तिला सगळं कळलं. कानबाई परत जाऊ नये म्हणून हा गप्प बसला, की माझ्या पदरात आणखी दोन दिवस पडावेत म्हणून? ते मात्र कळेना. संताप आला, त्या वाकलेल्या पाठीची कीवही आली.

ती आत गेली. म्हातारीच्या मांडीवरचं सूप तिने ओढून घेतलं. एक मूठ भरून टाकली, वर पाव मूठ टाकली. "पुना सुकदेव," ती मोठ्याने म्हणाली. पोराचं नाव घेताना आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

राहिलेल्या लहानग्यांची नावं भाईदासने कशीबशी उरकली. सुंदरबाईने टोपलं उचललं आणि जात्यावर जाऊन बसली. धाकटी जाऊ तानुबाई समोर बसली, तिने खुंट्याला हात लावला. जातं घरघरू लागलं.

तोताराम उठून दारापर्यंत आला. उंबऱ्याच्या आत पाऊल घातलं नाही. एक हात बंडीच्या आतल्या खिशात होता.

"पुनानी माय, आयक जरा."

"दळन व्हऊ द्या, नाना."

तो तिथेच उकिडवा बसला. खिशातला हात खिशातच राहिला.

दरवर्षी या दळणाला दोघी जावा गात. आज तानुबाईने सुरुवात केली, पण समोरून साथ मिळेना म्हणून तिनेही तोंड मिटलं. सुंदरबाई मूठ मूठ वैरत होती आणि घामाने निथळत होती. जातं इतक्या जोरात फिरत होतं, की तानुबाईला खुंटा धरवेना.

टोपलं रिकामं झालं. शेवटची मूठ जात्यात गेली, तिचंही पीठ जात्याभोवतीच्या पाळीत पडलं. मग पडायचं थांबलं. दगडावर दगड खरखरू लागला.

"अक्का, गहू सरनात," तानुबाई म्हणाली. "रिकामं जातं फिरावू नही."

"फिरू दे," सुंदरबाई म्हणाली. "जातं थांबनं, का नाना सांगतीन."