बॉल तरंगत होता

"सही करा आणि मोकळे व्हा," तटस्थता अधिकारी बाई चौथ्यांदा म्हणाल्या.

समालोचकाने कपाळावरचा चष्मा खाली आणला आणि कागद पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. ऑफिसात त्याला भोंगा म्हणत. वीस वर्षं फुटबॉलच्या मॅच सांगून त्याचा आवाज असा झाला होता की तो कुजबुजला तरी शेजारच्या खोलीतली माणसं दार लावून घेत.

"'मैदानात पाणी साचल्यासारखे भासले, याबद्दल दिलगीर आहे,'" त्याने वाचलं. "भासलं नाही मॅडम. बॉल तरंगत होता."

"तरंगू दे हो! मैदान मंत्र्यांनी बांधलंय."

"मग मंत्र्यांना सांगा दिलगीर व्हायला."

बाईंनी डोक्याला हात लावला. मागच्या शनिवारी, सदतिसाव्या मिनिटाला, भोंगा एवढंच बोलला होता: 'गोलकीपरला पोहता येत असावं, अशी आशा करू या.' त्यावर अख्ख्या देशातून एक तक्रार आली होती. एकच, पण सात पानी. गोलकीपरच्या आडून सरकारला बुडवण्याचा डाव आहे, असं तिच्यात लिहिलं होतं.

नियम असा होता: तक्रार मिटेपर्यंत समालोचकाने मॅच खुशाल सांगाव्यात, पण राजकीय माणसाच्या कार्यक्रमात माइकला हात लावायचा नाही. मिटायचे रस्ते दोनच. समालोचकाची माफी, नाहीतर तक्रारदाराची माघार. दोन्ही नसेल तर तीस दिवस चौकशी. हा नियम बाईंनीच केला होता, आणि तेव्हा त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि परवा, रविवारी, तेच मंत्री नव्या स्टेडियमचं उद्घाटन करणार होते. सूत्रसंचालनाला त्यांनी भोंग्याचाच आवाज मागितला होता. चॅनेलच्या साहेबांनी त्याला अकरा पानं लिहून दिली होती. त्यात 'दूरदृष्टी' हा शब्द बावीस वेळा होता. असल्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. गेल्या वर्षी हॉकीवाली नाही म्हणाली होती. ती आता पहाटे साडेपाचला हवामान सांगते.

"एवढा मान चालून आलाय," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही एका डबक्यावर अडून बसलाय."

"मला काय वाईट वाटत नाही का? अकराच्या अकरा पानं तोंडपाठ केलीत मी. पण तत्त्व आहे मॅडम. आज पाण्याबद्दल माफी मागितली, तर उद्या ऑफसाइडबद्दल मागावी लागेल."

तेवढ्यात साहेब आत आले. "झाली सही?"

"तत्त्व आहे म्हणतात."

"याला? कधीपासून?" साहेब मटकन खुर्चीत बसले. "अहो बाई, पाचपर्यंत मिटवा हे. मंत्र्यांना काय सांगू मी, डबकं आडवं आलं? कुणी केलाय हा बिनडोक नियम?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मोडून टाका सरळ."

"मोडला तर त्याचीही तक्रार येईल साहेब. ती बाई सात पानं लिहिते."

भोंगा उठला. डोकं दुखतंय म्हणाला आणि घरी निघून गेला. जाताना त्याचा चेहरा इतका पडला होता की साहेबांनाही भरून आलं.

साडेतीनला अधिकारी बाई तक्रारदाराच्या दारात उभ्या होत्या. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. मागे टीव्हीवर जुनी मॅच चालू होती, आवाज बंद करून.

"आजी, तुमच्या तक्रारीबद्दल आले होते."

"बसा. पुरवणी जोडायची राहिलीच होती. आठ पानं आहेत."

बाईंनी डोळे मिटून मनात दहा अंक मोजले. "आजी, ते पाणी खरंच होतं हो."

"असेल की. म्हणून बोलून दाखवायचं? मंत्र्यांना काय वाटेल?"

"मंत्र्यांना काही वाटलेलं नाही. त्यांना रविवारी तोच माणूस हवाय!"

"बघा, म्हणजे मंत्रीसुद्धा भोळे. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"आजी, त्या माणसाची आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी जातेय. काय बिघडवलंय त्याने तुमचं?"

"काही नाही. आवाज बरा आहे. पण जीभ फार सैल." म्हातारीने पाण्याचा पेला पुढे केला. "मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. तटस्थता तेवढी कळते. ती तुम्हीच शिकवलीत. तुमचा नियम मी तीनदा वाचला, छान लिहिलाय हो!"

या नियमाबद्दल कुणीतरी चांगलं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. बाईंना रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी विनवण्या केल्या, कलमं सांगितली, शेवटी हातसुद्धा जोडले. म्हातारी ढिम्म हलली नाही.

पाचला दहा कमी असताना बाईंनी जिन्यातूनच साहेबांना फोन लावला. "नाही ऐकत ती. तीस दिवस काढावे लागणार."

"मरू दे," साहेब म्हणाले. "माझा भाचा करेल सूत्रसंचालन. तोतरा आहे, पण तटस्थ आहे."

म्हातारी गॅलरीत उभी होती. अधिकारी बाई फाटकातून बाहेर पडल्या, कोपऱ्यावर वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग तिने गॅलरीचं दार लावलं, टीव्ही बंद केला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "या बाहेर जावईबापू, सुटलात त्या अकरा पानांतून. पुढच्या महिन्यात पुलाचं उद्घाटन आहे म्हणत होतात ना, त्याची तक्रार आत्ताच लिहून ठेवू, की आधी चहा घेता?"