बेअरिंग भरताना

डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेऊन मी बेअरिंगची कड त्यात दाबत राहिलो. पलीकडच्या फटींतून ग्रीस उमलून आलं, की ते भरलं असं मानायचं. ब्रेकच्या नव्या डिस्क बसवून पुढची दोन्ही चाकं चढवली. लेकीला जीप घेऊन आज घाट उतरायचा होता.

"बाबा, गॅरेजला दिली असती तर मी एव्हाना पोचलेही असते," ती किल्ली फिरवत म्हणाली.

ओसरीवर शेंगा सोलणारी आई मान वर न करता म्हणाली, "थांब गं. थोरला म्हणतोय, उजव्या चाकाची पिन राहिली."

थोरल्या भावाची गाडी चौदा वर्षांपूर्वी याच घाटात चाक निखळून दरीत गेली, आणि तिच्याबरोबर तोही. पिन म्हणजे काय, हे आईला ठाऊकही नाही.

मी चाकाची टोपी काढली. नट अडवणारी पिन तिथे नव्हती. ती बसवून मी तिची टोकं पक्कडीने वाकवली. भावाचं चाकही मीच बसवलं होतं. त्या संध्याकाळी खिशात सापडलेली पिन मी विहिरीत टाकली आणि कुणालाच सांगितलं नाही.

"बसवली, आई."

"हसतोय तो," ती शेंग फोडत म्हणाली. "म्हणतो, माझ्या वेळी सांगायला कुणी नव्हतं."