मघारामचा प्रश्न

पत्र दहा वर्षांपूर्वी बिकानेरहून आलं होतं. हिंदीत, दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेलं. "बाबूजी, सजा काट आया हूँ. माफी नहीं माँगता. बस इतना लिख दो, उस दिन मेरी आँख लग गई थी क्या? आपने देखा होगा." खाली वाकडी सही. मघाराम.

कवडूजी मेश्राम यांनी उत्तर दिलं नाही. वाचनालयात पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस साध्या पोस्टकार्डालाही उलट टपाली उत्तर देई. पण त्यांची मुलगी रोशनी ते पत्र वाचून म्हणाली होती, "आईले ट्रकखाली घेतलं, अन् आता आपल्यालेच विचारून राहिला, झोपलो होतो का म्हणून. जवाब द्यायचा नाही, बाबा." तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता नागपुरातल्या जरीपटक्याच्या घरात ते टेबलाशी बसले होते. समोर कोरा कागद. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या बिकानेरच्या सहलीतून कालच परतले होते. मंडळाच्या अंकासाठी 'वाळवंटातल्या शहरात सात दिवस' असं काहीतरी लिहून मागितलं होतं. रोशनी खाली बसून मेथी निवडत होती.

"लिहा न. उंटावर बसलो म्हणून लिहा."

"नाही बसलो."

"मंग सात दिवस केलं काय तिकडं? भुजिया खाल्ला?"

कवडूजींनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

पहिल्या दिवशी ते सगळ्यांबरोबर किल्ला पाहायला गेले होते. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं कारण सांगून मागे राहिले आणि जुन्या पाकिटावरचा पत्ता शोधत निघाले. मघाराम चारा-बाजारात सापडला. ट्रक चालवणं सुटलं होतं. आता तो उंटगाडी हाकत होता. समोरच्या टपरीवर कवडूजी चार दिवस बसले. रोज एक वाक्य मनात तयार करत. रोज चहा निवून जाई.

कोर्टात त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं. स्कूटरला मागून धक्का बसला, पुढचं आठवत नाही. शिकल्यासवरल्या माणसाचं वाक्य. कोणी उलट विचारलं नाही. मघारामनं स्वतःच कबूल केलं होतं, झोप लागली असेल. दुसरं काही कारण त्याला सुचत नव्हतं.

सहाव्या दिवशी कवडूजी गाडीजवळ गेले.

"बैठोगे, बाबूजी? कहाँ के हो?"

"रामटेक," ते खोटं बोलले. मग म्हणाले, "नागपूर के पास."

मघारामच्या हातातली दोरी सैल पडली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. गाडी बरीच पुढे गेल्यावर म्हणाला, "ऊँट अच्छा है. मैं सो भी जाऊँ तो घर ले आता है." आणि थोड्या वेळानं, "पर मैं सोता नहीं. तेरह बरस से रात को भी नहीं."

त्यानं ओळखलं की नाही, कवडूजींना कळलं नाही. तयार केलेलं वाक्य तोंडात घेऊनच ते स्टेशनजवळ उतरले.

"रोशनी," ते आता म्हणाले, "मी त्या मघारामले भेटून आलो."

मेथीवरचा हात थांबला.

"काहून?"

"त्याच्या पत्राले जवाब लिहून राहिलो."

"माफ केलं म्हणून लिहसान, तर याच्यापुढं मी या घरात पाय नाही ठेवणार. सांगून ठेवते."

"तसं नाही लिहीत."

त्यांनी लिहिलं. एरवी एका ओळीत तीनदा खोडणारे कवडूजी यावेळी कुठे अडले नाहीत. कागद त्यांनी मुलीपुढे ठेवला.

"वाच. मंग तू ये, नाहीतर नको येऊ. पण हे मी टाकणार आहो."

रोशनीनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिची नजर कपाटावर गेली. तिथे पुस्तकांचा एक गठ्ठा होता. तिची आई तुळसाबाई गेली त्या दिवशी दोघा नवरा-बायकोनं दीक्षाभूमीवरच्या स्टॉलांवरून घेतलेला. तेरा वर्षांत कवडूजींनी तो कोणाला सोडू दिला नव्हता. आईची शेवटची खरेदी म्हणून रोशनी दरवर्षी त्याच्यावरची धूळ पुसायची.

तिनं स्टूल ओढलं. गठ्ठा खाली काढला. सुतळी मधोमध तुटलेली होती. अपघातानंतर रस्त्यावरच्या कोणीतरी तिला गाठ मारून दिली होती. धूळ पुसताना ती गाठ दरवर्षी रोशनीच्या बोटांना लागली होती.

"तेव्हा आई काही म्हणाली होती?" तिनं विचारलं.

"म्हणे, पडू द्या, राहू द्या."

रोशनी उठून आतल्या खोलीत गेली. दार लागलं. अर्धी निवडलेली मेथी तशीच पडून राहिली.

कवडूजी दारापाशी थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी चपला घातल्या.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, मोबाइल नंबर विचारला. कवडूजींनी सांगितला, तिनं टाइप केला. "बिकानेरले चार-पाच दिवस लागन, काका," ती म्हणाली. पाकीट मागच्या पोत्यात पडलं.

आत हिंदीत थोड्याच ओळी होत्या. 'माझ्या स्कूटरवरच्या गठ्ठ्याची सुतळी तुटली. पुस्तकं धरायला मी वाकलो आणि माझी गाडी तुमच्या चाकासमोर गेली. हे पत्र हवं त्याला दाखवा, कोर्टातही. मघारामजी, तुम्ही जागे होता.'