बोट दाखवेल तिकडे

वीस पोरं असूनही दुपारी पाळणाघरात टाचणी पडली तरी ऐकू यायची. सगळा पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचा हातगुण, असं पालक म्हणायचे. आज बालविकास शिकवणाऱ्या बाई वही घेऊन निरीक्षणाला आल्या आणि ठमीसमोर बसल्या. काकू निर्धास्त होत्या. दीड वर्षाच्या ठमीला अजून बोलता कुठे येत होतं! ठमीनं बाहुली मांडीवर आडवी केली, नाक दाबलं आणि बाटलीचं रिकामं बूच तिच्या तोंडाला लावलं. “नक्कल छान करते हो! या वयातली मुलं मनानं काही रचत नाहीत, रोज बघतात तेच करतात,” बाई म्हणाल्या. काकूंनी घाईनं ठमीपुढे चेंडू सरकवला. बाहुलीचे डोळे मिटेनात, तेव्हा ठमीनं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. “मूल बोट दाखवेल तिकडे आपण बघायचं,” म्हणत बाईंनी मान वर केली. झोपेच्या औषधाची बाटली आज डब्यामागे लपवली होती की नाही, तेच काकूंना आठवेना.