कॅरिअर मोकळं पाहिजे

"हा घे ना, टिकारामभाऊ. लष्करातला माल आहे. हत्ती बसला तरी फाटनार नाही." लहानू शिंप्यानं जाड खाकी तंबूची गुंडाळी सायकलच्या कॅरिअरवर धपकन टाकली. सायकल कलंडली.

टिकारामनं ती सावरली आणि हसत गुंडाळी खाली उतरवली. "हत्ती नाही बसवाचा मले. कॅरिअर मोकळं पायजे. जयाले सासरून बाळंतपनाले आनाची आहे, येतानी पोरगी तिथं बसंल. सातवा लागला तिले. तंबू हँडलवर मावला पायजे, असा दाखव."

कॅरिअरवर त्यानं गोधडीची घडी बांधून ठेवली होती. सुपेल्याच्या बाजारात येताना भीमाबाईला, आपल्या बायकोला, त्यानं त्याच घडीवर बसवून आणलं होतं. कारखान्याच्या बांधकामाचे ट्रक जाऊन जाऊन रस्ता उखडला होता. दर खड्ड्याला तो मागं वळून विचारायचा, "हादरा बसला का? जयाले सोसंल ना?"

भीमाबाई दर वेळी "हो" म्हणाली होती.

दुपारी टिकाराम कामावर असताना जयाच्या सासरच्या गावचा चंपत दारात आला होता. काम शोधायला भिलाईत आलेला. डोक्यावरची पेटी खाली न ठेवताच त्यानं सांगितलं, की जया गेली. दोन दिवस ताप होता, मग रक्त गेलं, मग पोटातल्यासकट ती गेली. मातीसुद्धा झाली. संध्याकाळी टिकाराम आला तो सायकलवरून उतरलाच नाही. "सुट्टी भेटली! चाल, बस मागं. तंबू पाहून येऊ." त्याचा तो चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

"पन मी म्हन्तो, तंबू कायले पायजे?" लहानू म्हणाला. "देवरीच्या रस्त्यानं गावं नाहीत का? पडा ना कोनाच्याही ओसरीवर."

"ओसरीवाले पयले नाव पुसतात, मंग गाव पुसतात, मंग उठवतात," टिकाराम म्हणाला. "मागच्या खेपेले एकटा होतो. झाडाखाली बसून रातभराचं पानी अंगावर काढलं. आता पोर संग राहीन."

लहानू हसायला गेला आणि थांबला. मग आतून त्यानं दुसरी गुंडाळी आणली. ती हातभर लांब होती आणि मनगटाएवढी जाड.

"हा माह्या हातचा. चादरीसारखं पातळ कापड, मेन पाजलेलं."

टिकारामनं ती दोन बोटांनी उचलली आणि पोरासारखा हसला. "पाय गं, काहीच वजन नाही!" त्यानं ती भीमाबाईकडे दिली. तिनं दोन्ही हातांवर घेतली. खाली ठेवायचं तिला सुचेना.

"एक खोड आहे पन," लहानू म्हणाला. "पानी चालू असतानी आतून कापडाले पाठ लागू द्याची नाही. जिथं लागली तिथून झिरपते. मंग रातभर थांबत नाही."

"मंग दोघं मावतात का, ते पायले पायजे."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत लहानूनं दोन काठ्या उभ्या केल्या, खुंट्या ठोकल्या. टिकाराम रांगत आत शिरला, एका कडेला आडवा झाला आणि बाजूची जमीन थोपटली. "ये. तू जयाच्या जागेवर पड."

भीमाबाई उभीच राहिली.

"जा ना वहिनी," लहानू म्हणाला. "क्वार्टर भेटाच्या आधी हे घर पाहून घ्या."

ती वाकून आत गेली आणि जयाच्या जागेवर आडवी झाली. कापडातून हळदीच्या पाण्यासारखा उजेड येत होता.

"कुशीवर हो. जयाले उतानं पडवत नसंल आता."

ती त्याच्याकडे तोंड करून कुशीवर झाली. टिकारामनं दोघांमधली जागा वितीनं मोजायला घेतली. मग मान उचलून तिच्या पलीकडे पाहिलं.

"पाठ लागून राहिली तुई. तिची तं लागंनच." "जाऊ दे. पानी आलं तं मी बाहेर बसंन. मले काय होते? ती कोरडी राहिली म्हन्जे झालं."

"जयाचे बाबा," भीमाबाई म्हणाली. "दुपारी चंपत आला होता."

"कोन चंपत?"

"जयाच्या गावचा."

"अरे वा! मंग? कशी आहे म्हने जया?"

भीमाबाईला त्याच्या कपाळावरची सिमेंटची रेघ दिसत होती. तिकडेच पाहत ती म्हणाली, "आनाले जाऊ नका. राहिली नाही ती."

टिकारामचा वीत पसरलेला हात तसाच जमिनीवर राहिला.

"काय मंग?" बाहेरून लहानूचा आवाज आला. कापडाच्या कडेखाली त्याचे पाय दिसत होते. "मावले का दोघं?"

लहानूनं काठी उपटायला धरली असावी, कारण सगळा तंबू हलला. मग हलायचा थांबला. ते पाय हळूच मागं सरले.

बाहेर संध्याकाळचं कोरडं ऊन होतं. टिकारामनं हात उचलला, भीमाबाईच्या खांद्यामागं घातला, आणि झोपलेल्या माणसाला सरकवावं तसं तिला अलगद आपल्याकडे ओढलं.

"इकडं सरक," तो म्हणाला. "कापडाले लागू नको."